जांभळा स्फटिक : दख्खनच्या खडकातील एक बिननावाचे रत्न

महाड तालुक्यात रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडी नावाची लहानशी वस्ती आहे. १९९६ साली गडावर जाण्यासाठी रज्जुमार्ग सुरू झाला, तेव्हापासून त्याचे खालचे स्थानक म्हणून हे नाव प्रवाशांच्या तोंडी बसले. तत्पूर्वी ते मुख्यतः गडावरील हिरकणी बुरुजाच्या कथेमुळे लोकांना परिचित होते. कोजागिरीच्या दिवशी दूध घेऊन गडावर गेलेली हिरा गवळण, सूर्यास्ताबरोबर बंद झालेले दरवाजे, घरी राहिलेले तान्हे मूल, आणि अंधारात तो उभा कडा उतरून गेलेली माता, ही कथा महाराष्ट्रात कोणास सांगावी लागत नाही. समकालीन साधनांत या कथेस आधार सापडत नाही; तथापि ज्या कड्याशी ती निगडित आहे तो कडा व त्यावरील बुरूज आजही प्रत्यक्ष उभे आहेत.

प्रस्तुत लेखाचा विषय ही कथा नव्हे. तिच्यातील नाव मात्र आपले लक्ष एका वेगळ्या दिशेस वेधते. 'हिरकणी' या शब्दाचा मूळ अर्थ हिऱ्याचा बारीक कण असा आहे. हिरा ही वस्तू कोकणात किंवा सह्याद्रीत सापडणारी नव्हे. तिच्या जुन्या खाणी कृष्णा-गोदावरीच्या पूर्वेकडील खोऱ्यांत होत्या. असे असूनही येथील एका गवळणीला, बुरुजाला आणि वाडीला हिऱ्याच्या कणाचे नाव शोभून दिसले. उलटपक्षी, ज्या काळ्या खडकावर रायगड उभा आहे त्याच जातीच्या खडकाच्या पोकळ्यांत जे एक रत्न निपजते, त्यास मराठीत सर्वमान्य असे नावही मिळालेले नाही. हे रत्न म्हणजे जांभळा स्फटिक होय. इंग्रजीच्या द्वारे त्याचे ॲमेथिस्ट हे नाव आपल्याकडे आले आणि उत्तरेकडील व्यापाऱ्यांकडून जमुनिया व कटेला ही नावे आली. परक्या मुलखातील रत्नाला घरचे नाव मिळावे आणि घरच्या रत्नाला परके नाव घ्यावे लागावे, असे का घडले, या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे. हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. उत्खननात मिळालेल्या मण्यांची ओळख, त्यांवरून बांधलेले व्यापाराचे सिद्धांत आणि आजच्या ग्राहकाचा पैसा, या तिन्ही गोष्टी त्यात गुंतलेल्या आहेत.

१. खडक आणि रत्न

दख्खनचे पठार व सह्याद्री ज्या बेसाल्ट खडकाचे बनलेले आहेत तो सुमारे सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वी भूपृष्ठास पडलेल्या भेगांतून वाहत आलेल्या लाव्ह्याचा आहे. एकावर एक असे थर साचत गेले आणि आजही पाच लक्ष चौरस किलोमीटरपेक्षा अधिक प्रदेश त्यांनी व्यापलेला आहे. या थरांच्या अभ्यासात आपल्या विषयाच्या प्रदेशास विशेष मान मिळाला आहे. पोलादपुराहून महाबळेश्वरास चढणाऱ्या आंबेनळी घाटात हे थर इतके स्पष्ट उघडे पडले आहेत की, गेल्या शतकाच्या नवव्या दशकात भूवैज्ञानिकांनी लाव्ह्याच्या थरांचे गट पाडले तेव्हा त्यांतील दोन गटांना 'पोलादपूर' व 'आंबेनळी' हीच नावे दिली. जगातील कोणत्याही विद्यापीठात दख्खनच्या खडकांचा अभ्यास करणारास ही दोन नावे आज उच्चारावी लागतात.

लाव्हा थंड होत असता त्यातील वायूंचे बुडबुडे आत अडकून राहतात आणि खडकात लहानमोठ्या पोकळ्या उरतात. पुढे सिलिका विरघळलेले पाणी या पोकळ्यांत झिरपते. प्रथम भिंतीलगत अकीकाचे पट्टे जमतात व नंतर आतील मोकळ्या जागेत स्फटिकांची टोके वाढू लागतात. या वाढीच्या वेळी लोहाचे अत्यल्प अणू स्फटिकात शिरले आणि भोवतालच्या खडकातील नैसर्गिक किरणोत्सर्गाचा त्यांवर दीर्घकाळ परिणाम झाला, म्हणजे पांढऱ्या स्फटिकास जांभळा रंग येतो. रासायनिकदृष्ट्या ही साधी गारच आहे. गारगोटी, बिलोरी स्फटिक, अकीक आणि जांभळा स्फटिक ही एकाच सिलिकेची रूपे होत. रंगाचा अपवाद सोडल्यास जांभळ्या स्फटिकाचे बाकीचे गुण बिनरंगी स्फटिकाप्रमाणेच आहेत : काठिण्य ७, विशिष्ट गुरुत्व सुमारे २.६५ आणि वक्रीभवनांक १.५४४ ते १.५५३.

महाराष्ट्रात जळगाव, छत्रपती संभाजीनगर व नाशिक या बाजूंच्या बेसाल्टमध्ये असे स्फटिक मिळाल्याच्या नोंदी आहेत. त्याच खडकातून स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, ॲपोफिलाइट इत्यादी खनिजांचे अत्यंत देखणे नमुने निघतात. बोरघाटात एकोणिसाव्या शतकात लोहमार्गासाठी खडक फोडला गेला तेव्हा निघालेले असे नमुने युरोपातील संग्रहालयांपर्यंत पोहोचले. सिन्नर येथील 'गारगोटी' संग्रहालयात या खनिजसृष्टीचे दर्शन एकत्र घडते, आणि संग्रहालयाने आपल्या नावासाठी निवडलेला शब्द अस्सल मराठी आहे, हीही नोंदण्यासारखी गोष्ट होय. मात्र यावरून रायगडाच्या परिसरात रत्नांची खाण आहे असे कोणी समजू नये. सांगावयाचे ते इतकेच की, ज्या प्रक्रियेने हे रत्न घडते ती या खडकाच्या स्वभावातच आहे. दख्खनचे जांभळे स्फटिक बहुधा फिकट रंगाचे असतात. गडद रंगाचा व पैलू पाडण्याजोगा दगड विरळा. त्याच्या पुढील भाग्याशी या वस्तुस्थितीचा निकटचा संबंध आहे.

२. मणिकार आणि हिरकणी

प्राचीन महाराष्ट्रात या दगडाचा उपयोग मुख्यतः मण्यांसाठी झाला. तेर, पैठण, नेवासे, भोकरदन यांसारख्या सातवाहनकालीन नगरांच्या अवशेषांत अर्धमूल्यवान दगडांचे मणी मोठ्या संख्येने मिळतात. त्यांत अकीक व तांबडा अकीक यांचे प्राबल्य असते, बिलोरी स्फटिक बऱ्यापैकी असतो आणि जांभळ्या स्फटिकाचे मणी थोडे परंतु लक्ष वेधणारे असतात. तक्षशिला, अरिकामेडू व कोडुमणल येथेही जांभळ्या स्फटिकाचे मणी सापडले आहेत. म्हणजे ही आवड एका प्रांतापुरती मर्यादित नव्हती.

मणी घडविणाऱ्यांना समाजात प्रतिष्ठा होती, याचा पुरावा शिलालेखांत आहे. कान्हेरीच्या एका लेखात सोपाऱ्याच्या मणिकाराने दिलेल्या दानाचा उल्लेख येतो. मृच्छकटिकाच्या चौथ्या अंकात वसंतसेनेच्या वाड्यातील शिल्पी वैडूर्य, मोती, पोवळी, पुष्कराग, इंद्रनील, कर्केतन, पद्मराग, पाचू यांची पारख व घडण करीत बसलेले दाखविले आहेत, तेही अशाच एखाद्या समृद्ध मणिकारशाळेचे चित्र असावे. महाडचा परिसर या व्यापारी जगाच्या बाहेर नव्हता. महाडजवळील गांधारपाले येथील लेणी, त्यांतील कुमार काणभोअ विष्णुपालित याचा दानलेख, सावित्री नदीतून समुद्राकडे जाणारा जलमार्ग आणि वर देशावर चढणारे घाट, या सर्वांचा एकत्र विचार केला म्हणजे येथे एक जुने व्यापारी नाके होते असे मानावयास जागा होते. टॉलेमीने व 'पेरिप्लस'च्या ग्रीक कर्त्याने नोंदविलेल्या किनाऱ्यावरील एका बंदराचे स्थान काही अभ्यासकांनी याच पाले गावाशी जुळविले आहे. पैठणाहून अकीकाच्या जातीचे दगड भडोचकडे गाड्यांतून जात, असे 'पेरिप्लस' स्पष्ट सांगतो.

या मणिकारांच्या कामात दोन गोष्टी विशेष ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली गोष्ट भट्टीची. फिकट अकीक भाजला असता तांबडा होतो आणि खंबायतच्या कारागिरांनी ही विद्या आजवर जपली आहे. जांभळ्या स्फटिकाचे वर्तन याच्या उलट आहे. सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमानास त्याचा जांभळा रंग नाहीसा होतो व तो पिवळा पडतो, क्वचित हिरवटही होतो. तेव्हा कोणता दगड भट्टीत घालावयाचा व कोणता बाजूस ठेवावयाचा, हे कारागिराला आरंभीच ठरवावे लागत असले पाहिजे. एकाच पोकळीत निपजलेल्या भावंडांपैकी एकास अग्नी हितकर आणि दुसऱ्यास घातक, हे ज्ञान कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नसले तरी ते मण्यांच्या रंगात सुरक्षित राहिले आहे.

दुसरी गोष्ट भोकाची. सात काठिण्याच्या दगडात सरळ, बारीक व गुळगुळीत भोक पाडणे हे मणिकाराच्या कामातील सर्वांत कठीण अंग होय. खंबायतमध्ये यासाठी पोलादी सळईच्या टोकास हिऱ्याचे दोन अतिसूक्ष्म कण बसविलेले सामते वापरतात. ही पद्धती किती जुनी असावी याचा शोध गोरेलिक व ग्विनेट या दोन अमेरिकन संशोधकांनी घेतला. दोघेही दंतवैद्यकाच्या क्षेत्रातील होते. दातांचा ठसा घ्यावा त्याप्रमाणे त्यांनी प्राचीन मण्यांच्या भोकांचे ठसे घेतले आणि ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्यांनी असे प्रतिपादन केले की, हिऱ्याने भोक पाडण्याची कला भारतात ऐतिहासिक काळाच्या आरंभीच्या शतकांतच अवगत झाली होती व तिचा प्रसार पश्चिमेकडे झाला असावा.

येथे आपण पुन्हा 'हिरकणी' या शब्दापाशी येतो. हिऱ्याचा हा कण अंगठीत बसविण्याच्या योग्यतेचा नसे. तो अलंकार नव्हे, तर हत्यार होय. काच कापण्यासाठी, मोहोर कोरण्यासाठी, मणी वेधण्यासाठी त्याचा उपयोग. दख्खनच्या स्फटिकाचा मणी बनला तो पूर्वेच्या खाणीतून आलेल्या या कणामुळे. आकाराने नगण्य परंतु कठीणात कठीण वस्तूतून पार जाणारा, अशी 'हिरकणी'ची जी प्रतिमा कड्याच्या कथेत लोकमानसाने योजिली आहे, तिच्या मागे कारागिरांच्या जगातील हा प्रत्यक्ष अनुभव असावा, असे मला वाटते. हे अनुमान आहे. सिद्धांत म्हणून ते मांडलेले नाही.

३. रत्नशास्त्राचे मौन

मणी एवढे सापडत असता ग्रंथांत मात्र या दगडाचे निःसंदिग्ध नाव मिळत नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत बावीस रत्नांची यादी दिली आहे. वज्र, इंद्रनील, मरकत, पद्मराग, वैडूर्य, स्फटिक, सौगंधिक, राजमणी, पुलक इत्यादी नावे तीत आहेत. परंतु विस्ताराने परीक्षा सांगितली आहे ती हिरा, मोती, माणिक व पाचू या चारांचीच. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला. ते तर दख्खनच्या भूमीतच रचलेले राजनीतीचे व राजविलासाचे भांडार. त्यातील कोशविषयक भागातही रत्नपरीक्षा आहे. तिचा भर महारत्नांवर आहे.

या मौनाचे कारण रत्नशास्त्राच्या हेतूत शोधावे लागते. हे शास्त्र राजकोशासाठी निर्माण झाले. जे दुर्मिळ, दूरदेशीचे व महागडे, त्याची परीक्षा सांगण्याची गरज. जे घाटाखाली-घाटावर गारगोट्यांबरोबर सापडते त्याची गरज नव्हती. पुढे नऊ ग्रहांशी नऊ रत्नांची सांगड घातली गेली. माणिक रवीचे, मोती चंद्राचे, पोवळे मंगळाचे, पाचू बुधाचे, पुष्कराज गुरूचा, हिरा शुक्राचा, नीलम शनीचा, गोमेद राहूचा व लसण्या केतूचा, अशी ही व्यवस्था एकदा पक्की झाल्यावर दहाव्या रत्नास तीत जागाच उरली नाही. रायगडावर १६७४ साली राज्याभिषेक झाला त्या प्रसंगीच्या सिंहासनाचे वर्णन सभासदाने केले आहे. बत्तीस मण सोन्याच्या त्या तख्तास कोशातील निवडक नवरत्ने जडविली होती, असे तो सांगतो. त्याच समारंभासाठी आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याने आणलेल्या नजराण्यात हिऱ्याची अंगठी होती. राजमान्य रत्नांचे जग कोणते होते, हे यावरून दिसून येते.

नावांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. रत्नांची नावे स्थिर नसतात. 'वैडूर्य' हा शब्द याचे उत्तम उदाहरण होय. प्राकृत 'वेरुलिय' या रूपावरून ग्रीक भाषेत गेलेला शब्द हिरवट-निळ्या बेरिल या रत्नाचा वाचक झाला. आपल्याकडे मात्र तोच शब्द कालांतराने मांजराच्या डोळ्यासारख्या दिसणाऱ्या लसण्याचा वाचक ठरला. जर वैडूर्याची ही गत, तर सौगंधिक किंवा राजमणी म्हणजे जांभळा स्फटिकच, असे एखाद्या आधुनिक पुस्तकात ठामपणे लिहिलेले आढळल्यास सावध राहणे भाग आहे. मुसलमानी अमदानीत जवाहीर, याकूत, लाल, पिरोजा, अकीक हे फार्सी-अरबी शब्द रूढ झाले. त्या भाषांच्या रत्नग्रंथांत जांभळ्या स्फटिकास 'जमस्त' असे स्वतंत्र नाव आहे, पण ते मराठीत रुजले नाही. शिवकाली राजव्यवहारकोश सिद्ध करून फार्सी शब्दांस संस्कृत पर्याय देण्याचा मोठा उद्योग झाला. परंतु ज्या वस्तूचे नावच दरबारी व्यवहारात नव्हते तिला पर्याय तरी कशाचा द्यावयाचा?

उत्खननाच्या वृत्तांतांना यावरून एक शिस्त लावून घेता येते. मण्याचे वर्णन करताना जुने ग्रंथोक्त नाव न देता खनिजाचे नाव, रंगाची छटा, पारदर्शकता व शक्य असल्यास विशिष्ट गुरुत्व नोंदवावे. नुसत्या डोळ्यांनी 'जांभळा दगड' म्हणून वर्गीकरण केल्यास जांभळी काच, जांभळट गार्नेट व जांभळा स्फटिक यांची सरमिसळ होते आणि मग तीवर उभारलेला व्यापाराचा नकाशाही चुकतो.

४. प्रतीक आणि कथा

पश्चिमेत या रत्नाचे भाग्य निराळे होते. ग्रीक नावाचा अर्थच 'मद न चढणारा' असा आहे. जवळ हे रत्न असता मद्याची धुंदी चढत नाही, अशी समजूत होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनीने आपल्या निसर्गेतिहासाच्या सदतिसाव्या भागात या रत्नाचा विचार केला आहे. भारतातून येणाऱ्या जांभळ्या स्फटिकांस त्याने पहिला मान दिला आणि हा दगड कोरीव कामास सुलभ असल्याचे सांगितले. धुंदी न चढण्याची समजूत मात्र मांत्रिकांची थाप म्हणून त्याने निकालात काढली. प्लिनीच्या हाती पडलेले भारतीय दगड दख्खनचेच होते असे सिद्ध करता येत नाही, तरी पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांतून चालणाऱ्या दगडांच्या व्यापाराच्या पार्श्वभूमीवर त्याच्या या वाक्याचे महत्त्व मोठे आहे.

ख्रिस्ती धर्मपरंपरेत जांभळा रंग संयमाचा व पश्चात्तापाचा मानला गेला आणि बिशपांच्या अंगठीत हे रत्न बसू लागले. मद्यदेव बॅकस व अमेथिस्ट नावाची कुमारी यांची जी कथा आज सर्वत्र 'प्राचीन ग्रीक कथा' म्हणून सांगितली जाते, ती वस्तुतः रेमी बेलो या फ्रेंच कवीने १५७६ साली प्रसिद्ध झालेल्या काव्यात रचलेली आहे. १९१२ साली अमेरिकेतील जवाहिऱ्यांच्या संघटनेने जन्ममासांच्या रत्नांची यादी निश्चित केली व फेब्रुवारीच्या वाट्यास हे रत्न आले. म्हणजे ज्यास आपण पुरातन परंपरा समजतो तीतील बराच भाग कवींनी व व्यापाऱ्यांनी अर्वाचीन काळात घडविलेला आहे.

भारताच्या नावावर खपविलेली एक कथाही येथे सांगण्यासारखी आहे. लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात 'दिल्लीचा जांभळा नीलम' या नावाने प्रसिद्ध असलेले एक रत्न आहे. १८५७ च्या धामधुमीत कानपूरच्या इंद्रमंदिरातून ते लुटले गेले आणि बाळगणाऱ्या प्रत्येकाचा त्याने नाश केला, अशी त्याची आख्यायिका. त्याचे अखेरचे मालक एडवर्ड हेरन-ॲलन यांच्या पश्चात १९४४ साली ते संग्रहालयाकडे आले. ते रत्न नीलम नाही, जांभळा स्फटिक आहे. हेरन-ॲलन यांनी 'जांभळा नीलम' याच विषयावर १९२१ साली एक कथा प्रसिद्ध केली होती व शापाची आख्यायिका त्यांच्याच कल्पनेतून निघाली असावी, असे आता मानले जाते. स्फटिकाला नीलम म्हटले की त्याचे मोल व भय दोन्ही वाढतात. आपल्या बाजारातही हाच न्याय चालतो.

बेलोची कथा, हेरन-ॲलनची कथा आणि हिरकणीची कथा यांत एक भेद आहे. पहिल्या दोन कथांच्या मागे पुस्तक आहे. तिसरीच्या मागे कडा आणि वाडी आहे. समकालीन कागदाचा आधार तिन्हींना नाही, तथापि तिसरी कथा एका श्रमजीवी समाजाने आपल्या भूगोलाशी बांधून ठेविली आहे. राज्य परिवहन मंडळाच्या गाड्यांना व बसस्थानकांवरील स्तनदा मातांच्या कक्षांना 'हिरकणी' हे नाव देण्यात आले, ते याच स्मृतीच्या बळावर. प्रतीकाचे खरेखोटेपण ठरविताना इतिहासकाराने हा भेद विसरू नये.

५. मोल आणि खरेदी

एकोणिसाव्या शतकापर्यंत गडद जांभळा स्फटिक युरोपात महारत्नांच्या पंक्तीस बसत असे. रशियातील उरल पर्वतातील दगडांची कीर्ती विशेष होती. त्या शतकात दक्षिण ब्राझील व उरुग्वे येथील प्रचंड साठे उघडकीस आले. जर्मनीतील इडार-ओबरस्टाइन येथून तिकडे गेलेल्या अकीक-कारागिरांचा त्यात मोठा वाटा होता. बाजार भरून गेला व किंमत कोसळली. लक्षणीय गोष्ट अशी की, हे साठे ज्या खडकात मिळाले तोही दख्खनप्रमाणेच लाव्ह्याच्या थरांचा बनलेला आहे; मात्र त्याचे वय दख्खनच्या जवळजवळ दुप्पट आहे. एकाच जातीच्या खडकाने अटलांटिकपलीकडे गडद रंगाचे विपुल स्फटिक दिले, तर आपल्याकडे बहुधा फिकट. आज भारतीय बाजारात मिळणारे पैलूदार दगड बव्हंशी ब्राझील, उरुग्वे, झांबिया इत्यादी देशांच्या खनिजांचे असतात, ही गोष्ट ग्राहकाने आधी समजून घ्यावी.

आपल्याकडे हे रत्न घेणारा मोठा वर्ग हौसेने घेत नाही, गरजेने घेतो. शनीसाठी नीलम सांगितला जातो. तो परवडत नाही. म्हणून 'उपरत्न' म्हणून जमुनिया सुचविला जातो. ग्रहपीडेविषयी ज्याची त्याची श्रद्धा असेल, तिचा निवाडा करणे हे या लेखाचे काम नव्हे. परंतु जुन्या ग्रंथांत ज्याचे निश्चित नावही नाही त्या दगडास 'शास्त्रोक्त' म्हणून अवाच्या सवा किंमत आकारली जात असेल, तर इतिहासाने साक्ष देणे अवश्य आहे. अडचणीत सापडलेल्या कुटुंबाचे पैसे यात जात असतात.

खरेदीच्या दृष्टीने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, वजनाची. कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, हे माप निश्चित आहे. रत्ती मात्र सर्वत्र एक नाही. आपल्या जुन्या कोष्टकात आठ गुंजांचा मासा व बारा माशांचा तोळा. त्या हिशेबाने गुंज सुमारे १२१ मिलिग्रॅम भरते. काही पेढ्यांवर याहून बरीच जड 'पक्की रत्ती' चालते. म्हणून पावतीवर वजन कॅरटमध्ये किंवा ग्रॅममध्ये लिहून घ्यावे. दुसरी, रंगाची. या रत्नाचे मोल प्रामुख्याने रंगावर ठरते. आकारमान वाढल्याने हिऱ्याप्रमाणे दर झपाट्याने चढत नाही, कारण मोठे दगड दुर्मिळ नाहीत. 'सायबेरियन' हा शब्द आज बहुधा रंगाची प्रत दाखवितो, उगमस्थान नव्हे. तिसरी, परीक्षेची. भिंगातून पाहिले असता खऱ्या दगडात रंगाचे कोनाकृती पट्टे पुष्कळदा दिसतात. काचेत गोल बुडबुडे दिसतात, आणि काच स्फटिकाहून मऊ असल्याने तिच्या कडा लवकर झिजतात. परंतु १९७० नंतरच्या दशकापासून प्रयोगशाळेत वाढविलेले स्फटिक व्यापारी प्रमाणावर येऊ लागले आहेत. ते रासायनिकदृष्ट्या अस्सल स्फटिकच असल्यामुळे भिंगाने किंवा काठिण्याच्या कसोटीने ओळखता येत नाहीत. मोठी रक्कम द्यावयाची असल्यास मान्यताप्राप्त रत्नपरीक्षा प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे. चौथी, भाजलेल्या दगडाची. 'सुनेला' किंवा सिट्रिन या नावाने गुरूसाठी विकला जाणारा पिवळा दगड पुष्कळदा भाजलेला जांभळा स्फटिकच असतो. एकच दगड भट्टीच्या अलीकडे शनीचा व पलीकडे गुरूचा ठरावा, यावर अधिक भाष्य नको. शेवटची, जपणुकीची. दीर्घकाळ उन्हात राहिल्यास याचा रंग उतरतो, म्हणून तो उन्हात व आचेजवळ ठेवू नये.

प्राचीन मण्यांची खरेदी हा मात्र सर्वस्वी वेगळा प्रश्न आहे. पावसाळ्यानंतर तेर, पैठण यांसारख्या गावांच्या पांढरीवर मणी उघडे पडतात व वेचले जातात. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यापारावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने निर्बंध घातलेले आहेत. परंतु कायद्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आपल्या जागेवरून उचलून विकला गेलेला मणी केवळ एक शोभेचा दगड उरतो. कोणत्या थरात, कोणत्या भांड्यांबरोबर तो होता ही त्याची साक्ष कायमची बुडते. याउलट तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात मिळणाऱ्या वस्तू आयुष्यभर जमवून गावातच राखल्या. त्यांच्या संग्रहाचे पुढे शासकीय संग्रहालय झाले आणि अभ्यासकांना एक भांडार खुले झाले.

६. उपसंहार

वरील विवेचनाचे तात्पर्य असे. जांभळा स्फटिक दख्खनच्या खडकात निपजतो, सातवाहनकाळी मणिकारांनी त्याचे मणी घडविले, आणि भारतीय दगडांची कीर्ती रोमपर्यंत पोहोचली होती. तथापि राजकोशासाठी रचलेल्या रत्नशास्त्राने व नवग्रहांच्या चौकटीने त्यास बाहेर ठेविले. रत्नांच्या अस्थिर नावांमुळे त्याची ओळख अधिकच पुसट झाली. आणि परदेशच्या विपुल साठ्यांनी त्याचे मोल उतरविले. परिणामी आज तो आपल्याकडे परक्या नावाने व दुसऱ्या रत्नाचा बदली म्हणून वावरतो.

यावर उपाय साधे आहेत. विहीर खणताना, रस्ता कापताना किंवा खाणीत सुरुंग लावल्यावर स्फटिकांनी भरलेली पोकळी आढळली, तर दगड जाईल तिकडे जावो, पण गाव, खोली, खडकाचा प्रकार व सोबतची खनिजे यांची नोंद जवळच्या महाविद्यालयाच्या भूविज्ञान अगर इतिहास विभागाकडे व्हावी. अशा शंभर-दोनशे नोंदी जमल्या तर प्राचीन मण्यांचा दगड कोठून येत असावा, या प्रश्नाचा विचार अंदाजाने करण्याचे कारण उरणार नाही. आणि नावाविषयी म्हणावयाचे तर 'जांभळा स्फटिक' हे नाव अर्थवाही, शास्त्रशुद्ध व कोणासही समजणारे आहे. वृत्तांतांत, पाठ्यपुस्तकांत व जवाहिऱ्याच्या पावतीवर ते एकसारखे वापरले गेले, तर वस्तू एक आणि किंमत दुसऱ्याच नावाची, हा प्रकार पुष्कळ अंशी थांबेल.